मेणातला तुकडा

बिद्री गावातल्या एका लग्नाहून परत येताना आबांनी वाटेत दोन-तीनदा गाडी थांबवायला लावली. पहिल्यांदा म्हणाले, पाय आखडलेत, जरा मोकळे करतो. थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, इथला ऊस बघू दे, कुठली जात लावलीय. शेवटी मात्र काहीच न सांगता दार उघडून उतरले आणि उसाच्या फडाआड गेले. बराच वेळ आले नाहीत. गाडी माझा नवरा चालवत होता. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं, मी खिडकीबाहेर बघत राहिले. आबा परत आले तेव्हा थंडीचे दिवस असूनही त्यांच्या कपाळावर घाम होता आणि धोतराचा सोगा त्यांनी पुढं धरून ठेवला होता.

मी काही विचारलं नाही. बापानं लेकीला असलं काही सांगायची आणि लेकीनं विचारायची आमच्याकडं रीत नव्हती. आई असती तर तिनं घरी गेल्यावर बरोबर काढून घेतलं असतं. पण आईला जाऊन काही वर्षं झाली होती. आबा गडमुडशिंगीत एकटेच राहायचे. दोन म्हशी, थोडा ऊस, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. जेवणाचा डबा शेजारच्या घरातून यायचा. ते घर थोरल्या चुलत्यांचं, आमच्या थोरल्या अप्पांचं. चुलते वारले होते. तिथं आता थोरली आई, म्हणजे माझी चुलती, आणि तिची नातवंडं. मी कोल्हापूरजवळ कळंब्याला राहते, शाळेत इतिहास शिकवते. माझा थोरला भाऊ, दादा, पुण्यात नोकरीला. म्हणजे आबांना काही झालं तर जवळ मीच.

गाडीत सगळे गप्प होते त्याला कारण थोरले चुलतेच होते. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी लघवीला अडायचं, मग कंबर धरली. उसाच्या मोळ्या उचलून कंबर गेली असं सगळे म्हणत राहिले. तेल लावून झालं, हाडवैद्य झाला. शेवटी कळलं तेव्हा खालच्या गाठीतला कॅन्सर मणक्यापर्यंत पोचला होता. थोरल्या आईनं वर्षभर त्यांचं अंथरुणातलं सगळं केलं. कूस बदलताना ते जे ओरडायचे ते आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. त्यानं आबांना सांगितलं की शुगर तपासायची वेळ झालीय, धाकटीबरोबर जाऊन या. शुगरच्या नावाखाली आम्ही त्यांना नेलं आणि त्याच रक्तात प्रोस्टेटची, पीएसएची तपासणीही करून घेतली. तिचा आकडा वाढलेला निघाला. मग मूत्ररोगाच्या डॉक्टरांकडं. चाळिशीतले, हळू बोलणारे, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघणारे गृहस्थ होते. त्यांनी आबांना तपासायला आत घेतलं तेव्हा मीही उठले. आबा मागं वळून म्हणाले, "तू भाईर बस, पोरी." मी बाहेर बसले. भिंतीवर प्रोस्टेटचं चित्र होतं. मूत्राशयाखाली बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तेवढं चित्र बघायलाही मला संकोच वाटत होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं लक्ष आहे का ते बघून मी त्याच्याखालचं सगळं वाचून काढलं.

मग स्कॅन झालं आणि बायोप्सी करायची ठरली. सुईनं त्या ग्रंथीतले बारीक-बारीक तुकडे काढायचे. मधुमेह असलेल्यांना यानंतर कधीकधी जंतुसंसर्ग होतो, ताप आला तर एक मिनिटही थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सगळं नीट झालं, आबा घरी गेले. पुढच्याच सकाळी थोरल्या आईचा फोन आला. आबा गोठ्यात दूध काढायला बसले होते ते तिथंच भिंतीला टेकून कापत बसलेत, दुधाची चरवी सांडलीय आणि बोललेलं काही कळत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा त्यांचे दात वाजत होते. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. मला बघून ते म्हणाले, म्हशीची धार राहिलीय. एवढंच परत परत म्हणत होते. दवाखान्यात नेईपर्यंत रक्तदाब उतरला. जंतू रक्तात गेले होते. आधीच काही वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला, त्यामुळं डॉक्टर फार काही आश्वासन देईनात. दादा पुण्याहून दुपारपर्यंत आला. अतिदक्षता विभागाच्या दारात आम्ही दोघं उभे होतो. बायोप्सी कुणी करायला सांगितली, असं तो मला विचारत होता.  मग स्वतःशीच म्हणाला, थोरल्या अप्पांचं झालं ते आबांचं होऊ देणार नाही मी.

आबा त्यातून वाचले. सामान्य खोलीत आणल्यावर पहिलं वाक्य त्यांनी डॉक्टरांना ऐकवलं. "काय करायचं ती करा, पन ती सुई परत न्हाय. मेलो तरी न्हाय."

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून बायोप्सीचा निकाल सांगितला. कॅन्सर होता. लहान होता, ग्रंथीच्या आत होता, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मधल्या प्रकारचा दिसत होता. अगदी शांत नाही, अगदी आडदांडही नाही. असा कॅन्सर काहींच्या अंगात वर्षानुवर्षं पडून राहतो आणि माणूस म्हातारपणानं जातो. काहींच्यात मात्र तो एक दिवस उठतो आणि हाडांत शिरतो. आबांचा कुठला, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हतं. म्हणून दोन वाटा होत्या. एक, ऑपरेशन करून ग्रंथीच काढून टाकायची. दुसरी, काही न करता दर काही महिन्यांनी तपासत राहायचं. ऑपरेशनला हृदयाचा धोका होता, आणि नंतर काही काळ, काहींना कायमचंच, लघवीवर ताबा राहत नाही. थांबण्यातला धोका काय ते सांगायची गरज नव्हती. तो शेजारच्या घरात आम्ही पाहिला होता.

दादानं लगेच सांगितलं, ऑपरेशन. पुण्यात मोठ्या दवाखान्यात त्यानं बोलूनही ठेवलं होतं. आबा खुर्चीत पुढं सरकून बसले.

"म्हातारपनी पोरांगत लंगोट बांधून बसू व्हय रे? डेअरीला जाऊ का नको? चार मानसांत बसू का नको?"

"जीव महत्त्वाचा का लंगोट?"

"तुला न्हाय कळायचं ते," आबा म्हणाले आणि पुन्हा मागं टेकून बसले.

चार-आठ दिवसांनी मी एकटीच डॉक्टरांना भेटायला गेले. आबांच्या मनाविरुद्ध त्यांना टेबलावर झोपवायचं मला जमणार नव्हतं, आणि नुसतं बघत बसायचंही धाडस होत नव्हतं. मी विचारलं, दोन्हीतलं एक ठरवायला आणखी काहीच साधन नाही का.  ते म्हणाले, एक तपासणी आहे, सगळीकडं होत नाही. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत त्यांच्या ओळखीचे लोक ती करतात.

त्यांनी समजावलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं. शरीरातल्या प्रत्येक चांगल्या पेशीत डीएनएचा साठा ठरलेला असतो, आईकडून एक भाग आणि बापाकडून एक. कॅन्सरच्या पेशीनं तो साठा जवळपास तेवढाच ठेवला असेल तर ती बरेचदा सावकाश वाढते. पण तिचा हिशेब बिघडला असेल, कुठं दीडपट, कुठं दुप्पट असा डीएनए तिच्यात भरला असेल, तर ती पुढं जाऊन पसरायची शक्यता जास्त. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो. त्याची चकती कापायची, पेशींची केंद्रकं सुटी करायची, डीएनएला चिकटणारा रंग द्यायचा आणि प्रत्येक केंद्रकानं किती रंग धरला ते यंत्रानं मोजायचं.

"म्हणजे नक्की कळेल?" मी विचारलं.

"नक्की नाही. कल कुठं आहे ते कळेल. आता आपण आंधळे आहोत, तेव्हा थोडं दिसेल."

अडचण वेगळीच होती. बायोप्सीच्या तुकड्यांत पुरेशा कॅन्सर-पेशी असलेला मेणाचा ठोकळा एकच होता. त्यातला बराचसा भाग आधीच्या तपासणीत कापून गेला होता. आता जे उरलं होतं ते एका कामाला पुरलं असतं. आणि तोच ठोकळा दादाला पुण्याला हवा होता. तिथल्या डॉक्टरांना तो नव्यानं कापून, रंगवून, आपलं मत द्यायचं होतं. पुन्हा बायोप्सी करायची म्हटली तर पुन्हा तो ताप, तो गोठा, ते वाजणारे दात. कुणाचीच तयारी नव्हती.

फोनवर दादाचं आणि माझं जोरदार वाजलं. तो म्हणाला, तू मास्तरीण आहेस, डॉक्टर नाहीस. कुठल्या तरी प्रयोगासाठी आबांचा शेवटचा पुरावा घालवू नकोस. मी म्हणाले, पुण्याचे डॉक्टरही तेच सूक्ष्मदर्शकातून बघणार आणि तेच मधलं म्हणणार. रविवारी तो गाडी घेऊन गडमुडशिंगीला आला. सोप्यात आम्ही दोघं समोरासमोर, आबा खांबाला टेकून खाली बसलेले, थोरली आई दारात.

आमचं पुन्हा सुरू झालं तशी थोरली आईच आधी बोलली. ती आबांची भावजय. त्यांच्यासमोर तिनं कधी आवाज चढवला नव्हता.

"मी सांगतो ते ऐका," ती आबांना म्हणाली. कोल्हापूरकडच्या जुन्या बायका बोलतात तशी ती पुरुषासारखीच बोलते. "उसाच्या मोळीनं कंबर गेली म्हनत बसलो आमी. मोळीला शिव्या घातल्या वर्षभर. तुमाला तर कळलंय, आन् तुमी लाजताय. मला वाटतंय काढूनच टाका."

आबांनी तिच्याकडं बघितलं नाही. मला म्हणाले, तो तुकडा त्या बंगळूरवाल्यांनी मोजला तर काय सांगतील? मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, दादा मध्ये मध्ये तोडत होता तरी. साठा बरोबर असला तर थांबता येईल. बिघडलेला असला तर थांबणं धोक्याचं.

आबा बराच वेळ अंगठ्यानं जमीन घासत राहिले. मग दादाला म्हणाले, "तुकडा माज्या अंगाचा हाय. तो बंगळूरला जाईल. आन् तो जे सांगल ते मी ऐकीन. काढा म्हनला तर काढीन. मग कुनी काय बोलायचं न्हाय, मी बी न्हाय."

दादा उठून गाडीत जाऊन बसला. जेवला नाही, तसाच पुण्याला गेला.

ठोकळा आणायला मी भर उन्हाळ्यात शाळा सुटल्यावर गेले. लॅबच्या खिडकीतल्या बाईंनी माझ्या सह्या घेतल्या आणि छोटी पिशवी हातात दिली. आत नखाएवढ्या जाळीदार डबीवर पांढरट मेण होतं आणि त्या मेणात धाग्यासारख्या फिक्या रेघा. तो कॅन्सर होता. तेवढ्याशा रेघांवरून आमच्या घरात दोन महिने कुणी धड जेवलं नव्हतं. मेण सहजासहजी वितळत नाही, पण गाडीच्या डिकीत टाकून उन्हात उभ्या राहू नका, असं त्या बाई म्हणाल्या. मी ती पिशवी जेवणाच्या डब्यात, डबा पर्समध्ये आणि पर्स पोटाशी धरली. स्कूटर तिथंच ठेवून रिक्षानं डॉक्टरांकडं गेले, तिथूनच तो बंगळूरला जाणार होता. वाटेत सिग्नलला रिक्षा थांबली की मी डबा उघडून बघत होते. रिक्षावाल्यानं विचारलं, अंडी हाईत काय? मी हो म्हणाले.

त्यानंतरची वाट बघणं वाईट होतं. बायोप्सीनंतरची आतली सूज उतरेपर्यंत ऑपरेशन तसंही करता येणार नव्हतं, म्हणून डॉक्टर शांत होते. आम्ही नव्हतो. दादाचे फोन माझ्या नवऱ्याला यायचे, मला नाही. आबांनी चहा सोडला. डेअरीच्या कट्ट्यावर बसताना मध्येच उठावं लागू नये म्हणून. थोरल्या आईनं कुठल्याशा पाल्याचा काढा करून पाठवला तर त्यांनी तो तिच्यादेखत मोरीत ओतला आणि नंतर स्वतःच जाऊन तिच्या ओट्यावर काही न बोलता बसून आले. मी जाईन तेव्हा ते मला शाळेचं विचारायचे. आजाराचं नाही. एकदा फक्त म्हणाले, ते यंत्र चुकतं का गं? मी म्हणाले, माणसासारखंच असेल. त्यांनी मान हलवली.

मला मनातून एकच हवं होतं. निकाल त्यांच्या बाजूनं यावा. दादा आणि थोरली आई ऑपरेशन म्हणत होते, मी म्हणत नव्हते, आणि हा तुकडा बंगळूरला गेला तो माझ्यामुळं. तो साठा बरोबर निघेल, आबा डेअरीला जात राहतील, अशी माझी जवळजवळ खात्रीच झाली होती. कशावरून, ते विचारलं तर सांगता आलं नसतं.

डॉक्टरांचा फोन शाळेच्या मधल्या सुट्टीत आला. निकाल आलाय, संध्याकाळी काकांना घेऊन या. मी विचारलं, कसा आहे. ते म्हणाले, समोर बसून बोलू. फोन ठेवल्यावर पुढच्या तासाला मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

गडमुडशिंगीला गेले तेव्हा आबा म्हैस धूत होते. मला त्या वेळेला आलेलं बघून त्यांनी बादली खाली ठेवली, हात धुतले आणि कपडे बदलायला आत गेले. काय म्हणाले डॉक्टर, असं विचारलं नाही. गाडीत मीच सांगितलं, मलाही माहीत नाही, खरंच. ते म्हणाले, "तुजं तोंड बघून कळलं मला, काय असंल ते."

डॉक्टरांनी पडद्यावर आलेख दाखवला. आडव्या रेषेवर एक उंच ढीग होता. तो चांगल्या पेशींचा, ठरलेल्या जागी. त्याच्या उजवीकडं, जिथं काही असायला नको होतं तिथं, दुसरा ढीग होता. पहिल्यापेक्षा लहान, पण अंगानं रुंद. त्याच्याही पलीकडं विखुरलेले ठिपके. त्या दुसऱ्या ढिगातल्या पेशींमध्ये जवळजवळ दुप्पट डीएनए होता.

आबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "हा दुसरा ढीग नसता तर बरं झालं असतं, असंच ना?"

"हो काका."

"आन् थांबलो तर?"

"काही होणार नाही असंही होऊ शकतं. पण ही गाठ गप्प बसून राहणाऱ्यातली दिसत नाही. मला सांगायचं म्हटलं तर थांबू नका. गाठ अजून आत आहे, हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी मिळेल असं दिसतंय. हीच वेळ आहे."

मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. त्यांच्या बाजूनं बोलेल म्हणून मी ज्या तपासणीसाठी भांडले, ती त्यांच्या विरुद्ध गेली होती. माझ्या तोंडातून कसंतरी निघालं, आबा, आपण अजून एकदा कुणाला तरी विचारू. ते माझ्याकडं वळले.

"शब्द दिलता मी," ते म्हणाले. मग डॉक्टरांना, "आता मला नीट सांगा. काढल्यावर लघवी किती दिस गळंल? खरं सांगा. मी खचत न्हाय."

मी सवयीनं उठले. त्यांनी हातानंच मला खाली बसायची खूण केली. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. नळी किती दिवस, कपडे कसे, व्यायाम कुठला, नवरा-बायकोच्या संबंधांतलंही. आबा ऐकत राहिले, मी ऐकत राहिले, आणि कुणी मरून गेलं नाही.

पुण्याला जायला ते तयार झाले नाहीत. म्हणाले, जगलो-मेलो तर कोल्हापुरात. दादा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आला. मी म्हणत होतो तेच झालं ना, असं तो म्हणेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो तसं काहीच म्हणाला नाही. त्यानं फक्त विचारलं, तो आलेख तुझ्याकडं आहे का. मी मोबाइलवर दाखवला. दुसऱ्या ढिगावर बोट ठेवून त्यानं तो मोठा करून बघितला, आणि मोबाइल परत दिला.

ऑपरेशन सांगितलेल्या वेळेपेक्षा फार लांबलं. दुपारी आतून एक नर्स घाईनं आली आणि आणखी रक्त लागेल म्हणाली. दादा आणि माझा नवरा रक्तपेढीकडं पळाले. मी आणि थोरली आई बाकावर. ती सकाळपासून पाणीही प्यायली नव्हती. मी तिचा हात धरला तर तो लाकडासारखा ताठ होता. तिनं मला हळू विचारलं, मी काढून टाका म्हनलो, चुकलं न्हाय न्हवं माझं? मी म्हणाले, त्यांनी तुझं ऐकून नाही काढलं, थोरली आई. तरी तिचा हात सैल झाला नाही. संध्याकाळी डॉक्टर टोपी काढत बाहेर आले आणि म्हणाले, रक्त थांबलंय, हृदयानं साथ दिली. तेव्हा ती तिथंच खाली फरशीवर बसली.

काढलेल्या ग्रंथीचा निकाल पुढच्या आठवड्यात आला. एका बाजूला कॅन्सर ग्रंथीच्या सालीतून अगदी जरासा बाहेर डोकावला होता. कापलेल्या कडा मात्र स्वच्छ होत्या. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे ती मोजणी खरी ठरली ना. ते म्हणाले, या एका माणसापुरतं तसं वाटतंय. थांबलो असतो तर नक्की काय झालं असतं, ते आता कुणालाच कळणार नाही. मला ते उत्तर तेव्हा आवडलं नाही. आता वाटतं, खरं तेवढंच होतं.

आबा माझ्याकडं कळंब्याला राहिले. नळी काढल्यानंतरचे दिवस त्यांना फार जड गेले. खोकला आला, उठून उभे राहिले, हसले तरी गळायचं. मग त्यांनी हसणंच बंद केलं. मी उठायच्या आत ते मागच्या नळावर स्वतःची चादर धुऊन टाकायचे. दादा दर शनिवारी यायचा. एकदा मी बाहेरून आले तर दादा मोरीत बसून आबांचे कपडे घासत होता आणि आबा दारात उभे राहून त्याला, साबण किती लावतोस रे, म्हणून रागावत होते. माझ्याकडं दोघांनीही बघितलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले.

पावसाळा संपता संपता गळणं कमी झालं, बंद झालं नाही. अजूनही लांब जायचं तर ते आत पॅड लावतात. गावी परतल्यावर बरेच दिवस डेअरीला थोरल्या आईचा नातूच दूध घेऊन जायचा. मग एका सकाळी चरवी स्वतः उचलून गेले. कट्ट्यावर कुणीतरी विचारलं, काय झालतं पावणं, लई दिसांनी? आबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं काय झालं होतं ते, नावासकट, जागेसकट. थोरल्या आईला हे तिच्या नातवानं सांगितलं, तिनं मला. त्यानंतर गावातले दोघं-तिघं त्यांच्याकडं घरी येऊन, दार लोटून, हळू आवाजात काहीबाही विचारून गेले.

दर काही महिन्यांनी आबांचं रक्त तपासतात. आकडा अजून तरी नगण्य आहे. पण तो यायच्या आधीचा दिवस मला अजूनही जड जातो. आलेखातला दुसरा ढीग डोळ्यांपुढं येतो. त्यातला एखादा ठिपका कुठं राहिला असेल का, हे कुठलंही यंत्र मला सांगत नाही.

या वर्षी डॉक्टरांनी वेगळीच गोष्ट काढली. घरात दोन सख्ख्या भावांना हा कॅन्सर झालाय, म्हणजे पुढच्या पिढीतल्या पुरुषांनी पंचेचाळिशीपासून तपासून घ्यावं. दादा सत्तेचाळीस वर्षांचा. त्याला मी सांगितलं. तो बरं म्हणाला. महिनाभरानं विचारलं तर कंपनीत काम फार आहे म्हणाला. नंतर म्हणाला, मला कसलाच त्रास नाही. आबांच्या वेळी ऑपरेशन, ऑपरेशन म्हणून माझ्याशी भांडणारा माझा भाऊ स्वतःच्या रक्ताची एक छोटी नळी द्यायला टाळत होता.

शेवटी परवा आबांनीच माझ्या मोबाइलवरून त्याला फोन लावला. मी शेजारी होते. दादा म्हणाला, पुढच्या आठवड्यात जातो.

"पुढच्या न्हाय. उद्या," आबा म्हणाले. "लाज वाटती व्हय? मला बी वाटत हुती. भीती बी वाटत हुती. जा, आन् निकाल आला की आदी मला सांग. बायकोला नंतर सांग."

काल दादानं तपासायला रक्त दिलं. निकाल उद्या येणार. आज मी गडमुडशिंगीत आहे, सकाळपासून माझ्या मोबाइलवर त्याचा दोनदा फोन येऊन गेला. दोन्ही वेळा आबा त्याच्याशी म्हशीबद्दल बोलत राहिले. ती आटलीय, पुढच्या महिन्यात विते की काय, चारा कुठनं आणायचा. तो पलीकडून हूं हूं करत होता. दोघांपैकी एकालाही फोन ठेवायचा नव्हता.